पायात नीट काहीतरी

लोक कसे पडतात ते वाचण्याचा मला पगार मिळतो. विमा कंपनीच्या अपघात विभागात खिडकीपासून तिसरं टेबल माझं. त्यावर रोज वीस-पंचवीस माणसं जिन्यावरून, शिडीवरून, स्टुलावरून, एकदा तर दुसऱ्या माणसावरून पडून येतात. म्हणजे त्यांचे कागद येतात. माणूस अर्जात लिहिलंय तसाच पडला की आणखी कसा, हे मी ठरवायचं. एकोणीस वर्षांच्या या वाचनातून एक गोष्ट मात्र पक्की कळली आहे. जो सरळ 'पडलो' असं लिहितो, त्याला फारसं लागलेलं नसतं. ज्याला खरोखर लागलेलं असतं आणि सांगायची लाज वाटत असते, तो लिहितो, 'पडलो नाही, नुसता बसलो.' ही ओळ दिसली की मी एक्स-रे मागवतो. आजवर एकदाही चुकलेलो नाही.

हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढच्या हकिकतीत माझ्या हुशारीचा दुसरा कुठलाही पुरावा सापडायचा नाही.

माझे सासरे नदीत उभे राहून मासे धरतात. काठावर घडीची खुर्ची टाकून बसणारे वेगळे. बाबा पाण्यात शिरतात. अंगभर रबरी पोशाख वगैरे लाड नाहीत. रोजची पॅन्ट, पायात बूट, आणि भिजायचं ते भिजायचं. दर रविवारी सकाळी जातात, दुपारी येतात, आणि मधल्या वेळात काय झालं हे कुणालाही सांगत नाहीत. तसे ते एरवीही काही सांगत नाहीत. माझ्या अंदाजाने ते दिवसाला चाळीस शब्द वापरतात आणि त्यातले तीस म्हणजे सासूबाईंना दिलेले 'हो' असतात.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे गेलो होतो. इतका उकाडा, की भिंतीवरची पालसुद्धा जागची हलत नव्हती. बाबा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, डाव्या हातात चहाचा कप धरून बसले होते. कप खाली ठेवून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "येत्या रविवारी नदीवर या. पायात नीट काहीतरी घाला."

आठ शब्द. लग्नाला अकरा वर्षं झाली. एका दमात मला मिळालेले हे सर्वांत जास्त.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. परत येताना बायको म्हणाली, "बाबांनी बोलावलं? तुम्हाला?"

"का? मला का नाही?"

"तसं नाही हो. पण ते कुणालाच नेत नाहीत. ताईच्या नवऱ्याला एकदा नेलं होतं."

तेच माझ्या डोक्यात होतं. माझे साडू एकदा नदीवर गेले, पाण्यात आडवे झाले, त्यांची टोपी वाहत खाली गेली आणि ते पायी घरी आले. त्यानंतर त्यांना पुन्हा बोलावणं नाही. त्या घरात त्यांना दोन वेळा वाढतात, तब्येत विचारतात, पण जावई म्हणून त्यांचा हिशेब त्या दिवशीच बंद झाला आहे. माझा अजून उघडायचाच होता. त्यामुळे मागणी अगदी साधी होती: रविवारी सासऱ्यांसमोर मी उभा राहिलो पाहिजे. दोन पायांवर. शेवटपर्यंत.

आणि त्यासाठी पायात नीट काहीतरी हवं होतं. पण नीट म्हणजे काय?

सोमवारी ऑफिसातून साडूंना फोन केला.

"मी गमबूट घातले होते," ते म्हणाले. आवाज अजून ओलाच होता. "गुडघ्यापर्यंत. दुकानदार म्हणाला, पाणी आत येणार नाही. आलं नाही हो. जोवर मी गुडघ्याच्या खाली होतो तोवर अजिबात आलं नाही. मग एक पाऊल पुढे टाकलं आणि वरून आलं. एका पायात अर्धी बादली, दुसऱ्यात अर्धी बादली. पाय उचलायला गेलो तर पाय वर आला, बूट तिथेच."

"बाबा काय म्हणाले?"

"काहीच नाही. तेच तर!"

गमबूट बाद. हे मी कागदावर लिहिलं आणि मला बरं वाटलं. एक वस्तू बाद झाली म्हणजे आपण कुठेतरी पोचतोय असा भास होतो.

संध्याकाळी जिन्यात कर्नल भेटले. कर्नल आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. सैन्याशी त्यांचा संबंध इतकाच की ते फिरायला जाताना काठी बगलेत धरतात. एरवी आयुष्य छत्र्यांच्या दुकानात व्यवस्थापक म्हणून गेलं. पण कुठल्याही विषयावर हुकूम सोडायची त्यांची तयारी असते.

"पाण्याशी माझा पस्तीस वर्षांचा संबंध," ते म्हणाले. "सँडल घ्या. उघडी सँडल. पाणी आलं, पाणी गेलं. अडवता कशाला त्याला?"

मागे दार अर्धं उघडं होतं. आतून वहिनींचा आवाज आला. "आणि खडे? खडे आले की जातात का? मागे ओढा ओलांडताना अंगठा कुणाचा फुटला होता?"

"इथे बुटांचा विषय चाललाय."

"मग अंगठा काय टोपीत असतो? मोजा काढा नि दाखवा त्यांना."

कर्नलांनी मोजा काढला नाही, पण ज्या पायावर उभे होते तो बदलला. मला तेवढं पुरे होतं. घरी येऊन सँडलही खोडली. आता कागदावर फक्त खोडलेलेच शब्द होते.

मंगळवारी चपला-बुटांच्या मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता तरतरीत होता. मी 'पाण्यासाठी' एवढंच म्हटलं, तर त्याने सहा खोकी उघडली.

"हा घ्या साहेब. थेंब शिरणार नाही."

"शिरणारच. मी मांडीपर्यंत पाण्यात उभा राहणार आहे."

"मांडीपर्यंत?" त्याने माझ्या मांड्यांकडे बघितलं.

"शिरू द्या हो. शिरण्याबद्दल तक्रार नाही. शिरलेलं बाहेर गेलं पाहिजे."

त्याने हळूच विचारलं, "म्हणजे गळका बूट हवाय?"

"एका परीने, हो."

तो आत जाऊन मालकांना घेऊन आला. "साहेबांना गळका बूट हवाय," तो म्हणाला, आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं, एक बाई तर एका पायात उंच टाचेची चप्पल आणि एका पायात काहीच नाही अशी, माझ्याकडे बघू लागली.

"गळका बूट आम्ही विकत नाही," मालक दुखावल्या स्वरात म्हणाले. "चुकून गळका निघालाच तर परत घेतो."

"मग परत घेतलेले दाखवा."

एकोणीस वर्षांत ऑफिसात न सुचलेलं वाक्य त्या दिवशी सुचलं. मालकांनी मागच्या खोलीतून एक धुळकट जोड आणला. वर जाळीचं कापड, खाली रबरी सोल, नाड्या पोपटी. बुटाला चिठ्ठी बांधलेली होती: 'पाणी आत येते. थांबत नाही. बिलकूल उपयोगाचा नाही.' बुटाची इतकी मनापासून केलेली शिफारस मी याआधी वाचलेली नव्हती. आत जाड मोजे घालायचे म्हणून एक माप मोठा हवा होता. तोही नेमका तसाच निघाला. मालकांनी बिल करताना दोनदा विचारलं, "नक्की ना? हा पुन्हा परत घेणार नाही."

आता नदीत जायच्या आधी तो घरी तपासायला हवा, असं मला वाटलं. इथवरचं सगळं शहाणपणाचं होतं हे लक्षात घ्या. नदीतल्या गोट्यांवर शेवाळ असतं, ते बुळबुळीत असतं. बाथरूमच्या फरशीवर साबण असतो, तोही बुळबुळीत असतो. मी फरशी साबणाने माखली, मोजे-बूट घातले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि प्रवाह हवा म्हणून भरलेली बादली हातात घेतली. पहिलं पाऊल नीट पडलं. दुसऱ्या पावलाबद्दल मला अजूनही खात्रीने काही सांगता येत नाही.

बाहेरून बायको, "अहो! काय पडलं?"

"बादली."

"बादली पडली की तुम्ही?"

मी बादलीत होतो. पूर्ण नव्हे, मधला भाग. बादलीतून मी म्हणालो, "पडलो नाही गं. नुसता बसलो."

तोंडातून वाक्य गेलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. एवढी वर्षं ज्या माणसांवर मी लाल शाईने खूण केली, ती सगळी त्या बाथरूमच्या दाराशी उभी राहून माझ्याकडे बघतायत असं वाटलं. दोन दिवस ऑफिसात मी खुर्चीच्या एकाच कडेवर बसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, तेव्हा खुर्ची खराब आहे म्हणून सांगितलं. त्यांनी ती लगेच दुरुस्तीला पाठवली आणि त्यानंतर मला स्टूल मिळालं.

इथवर मामला घरातला होता. पुढे तो सरकारी झाला.

नदीचा तो पट्टा परवान्याचा. ज्याचा परवाना, त्याने सोबत्याचं नाव आधी कळवायचं आणि सोबत्याने आपले बूट कचेरीत नेऊन तपासून घ्यायचे. कुठल्याशा दुसऱ्या नदीत एक वाईट शेवाळ माजलंय. ते बुटांच्या तळाला चिकटून इकडे येऊ नये म्हणून हा नियम. नियम चांगलाच आहे. मी स्वतः नियमांचा माणूस आहे. पण बुधवारी सकाळी मी खिडकीसमोर पिशवीतून बूट काढले, तर तपासणीच्या बाईंनी त्यांना बोट लावून लगेच मागे घेतलं.

"ओले आहेत."

"हो."

"कुठल्या पाण्यात होते?"

"बाथरूमच्या."

त्यांनी छापील यादी काढली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "नद्या आहेत. तलाव आहेत. कालवे आहेत. एक विहीरही आहे. बाथरूम नाही."

"'इतर' असं लिहा ना."

"'इतर' लिहिलं की त्या पाण्याचा नमुना आणावा लागतो. बाटलीत. बाटली आम्ही देतो, पण सध्या शिल्लक नाहीत." त्या वाईट नव्हत्या, खरंच माझ्यासाठी वाट शोधत होत्या. "त्यापेक्षा वाळवा. अठ्ठेचाळीस तास. शनिवारी दुपारी बारापर्यंत खिडकी उघडी असते."

मी बूट पिशवीत घालत होतो, तोवर त्यांनी रजिस्टर उलटं करून माझ्यापुढे धरलं. "तुमचं नाव आधीच लागलंय की. तीन आठवडे झाले. सोमवारी सकाळी सकाळी आले होते तुमचे सासरे. अर्ज मीच भरून दिला त्यांचा. सोबती म्हणून लगेच तुमचं नाव सांगितलं. विचारसुद्धा केला नाही."

तीन आठवडे! मी तिथून निघालो तो जमिनीपासून वीतभर वर. म्हणजे बाबांनी तीन आठवडे आधी ठरवलं होतं. तीन आठवडे ते माझ्याकडे बघत होते, मनात तोलत होते, आणि बोलवायचे शब्द जुळवत होते. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती फक्त "सोमवारी?" असं म्हणाली आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालू लागली. बायकांना अशा गोष्टींचं मोल कळत नाही, असं मी त्या वेळी मनात म्हटलं होतं. ते वाक्य आता मागे घेतो.

बूट गॅलरीत वाळत टाकले. रात्रभर ते ठिबकले ते नेमके खाली कर्नलांच्या आरामखुर्चीवर. गुरुवारी सकाळी कर्नल ओलं वर्तमानपत्र घेऊन वर आले आणि आल्यासरशी त्यांनी बुटाचा तळ बघितला. "हा रबर?" ते म्हणाले. "ओल्या दगडावर हा रबर? साहेब, साबणाची वडी बांधून जा पायाला, एकच आहे."

हे मला बाथरूममध्ये कळलेलंच होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना जास्त लागलं.

म्हणून संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बूटदुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. काका ओठांत तीन-चार खिळे धरून बोलतात. कधी गिळतील ही धास्ती ऐकणाऱ्याला. त्यांनी बूट हातात घेऊन दाबला, वाकवला, वास घेतला.

"नमदा लावतात याला," ते म्हणाले. "दाबलेल्या लोकरीचा जाड थर. शेवाळलेल्या गोट्यावर असा चिकटतो की हलायचं नाव नाही."

"मग लावा."

"पण खाली गाळ असला तर नमद्यासारखं वाईट नाही. लोण्यावर उभं राहिल्यासारखं. गाळाला रबरच हवा, खाली बारीक खिळे ठोकलेला."

"मग तो लावा."

"पण गोट्यावर खिळे—" काकांनी मान हलवली. "तळ काय आहे तिथे? गोटे की गाळ?"

"माहीत नाही."

"मग विचारा की सासऱ्यांना! एक फोनचं काम."

एक फोनचं काम! परीक्षेच्या आदल्या दिवशी परीक्षकालाच उत्तर विचारायचं? पण काकांच्या हातात बूट होता, मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. फोन लावला. सासूबाईंनी उचलला, माझी, बायकोची, ऑफिसची चौकशी केली, आणि "अहो, जावई" असं म्हणून तिकडे दिला.

"बाबा, एक विचारायचं होतं. नदीचा तळ कसा आहे?"

पलीकडे बराच वेळ विचार चालला होता. मग बाबा म्हणाले, "ओला."

आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

"ओला आहे म्हणाले."

मागच्या दोन्ही गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "विनोदी आहेत."

"नाहीत हो! तेच तर."

मग काकांनीच तोड काढली. ती ऐकताना मला इतकी रास्त वाटली की मी त्यांचा हात हातात घेतला. डाव्या पायाला नमदा, उजव्याला रबर आणि खिळे. गोटे असोत की गाळ, दोनातला एक पाय तरी टिकेलच. काकांनी आरीने दोन्ही बुटांच्या बाजूंना भोकंही पाडून दिली, पाणी निघायला. मी घरी येऊन दोन्ही पाय बायकोसमोर धरले.

ती म्हणाली, "आणि जो टिकणार नाही तो?"

"तो काय?"

"काही नाही. झोपा."

शनिवारी कचेरीत तपासणीच्या बाईंनी टिपकागद बुटांत कोंबला, बाहेर काढला, उजेडात धरला. कोरडा. त्यांनाही आनंद झाला. मग त्यांनी बूट उलटे केले आणि लेखणी खाली ठेवली.

"तळाचा प्रकार या रकान्यात एकच लिहायचा असतो."

"दोन लिहा."

"जोड एक आहे. जोडाला एक अर्ज. एका अर्जात एक प्रकार."

"मग दोन अर्ज भरतो."

"दोन अर्ज म्हणजे दोन सोबती होतात. तुमच्या सासऱ्यांच्या परवान्यावर एकच चालतो."

पावणेबारा झाले होते. मी खरोखर घामाघूम झालो. आजवर माझ्या टेबलावरून मी किती माणसांना 'हा रकाना नीट भरून आणा' म्हणून परत पाठवलं असेल, याचा विचार करायला तो क्षण फार चांगला होता. पण मी केला नाही. बाईंनीच शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'डावा पाय – नमदा, वाळलेला. उजवा पाय – रबर, खिळे. धारक एकच असल्याची खात्री केली.' शिक्का मारताना म्हणाल्या, "सांभाळून जा. आणि त्यांनाही सांभाळा."

मी म्हटलं, "ते कुणाचं सांभाळणं घेणारे नाहीत."

रविवारी सकाळी नदीवर पोचलो तेव्हा बाबा काठावरच्या दगडावर बसून नाड्या बांधत होते. त्यांच्या पायात काय असेल याचा मी आठवडाभर विचार केला होता. नोकरीवर असताना ते जे काळे बूट घालत, तेच होते. कातडं पांढरं पडलेलं, बाजूंना भोकं, नाड्यांच्या जागी सुतळी. बस्स.

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. आधी डाव्या, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या.

"हं," ते म्हणाले.

त्या 'हं'चे मी आजवर चार अर्थ लावले आहेत आणि एकही पक्का नाही.

पाण्यात शिरलो. पाणी पावलांवरून आत आलं आणि भोकांतून, त्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, थांबलं नाही. इथपर्यंत उत्तम. मग तळ लागला. तळाला गोटे होते, आणि गोट्यांच्या मधल्या फटींत गाळ. म्हणजे काका बरोबर, कर्नल बरोबर, सगळेच बरोबर. फक्त मी कुठला पाय कुठे टाकायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. डावा पाय गोट्यावर पडला की असा घट्ट बसे की उचलवेना. उजवा पडला की खिळे किर्रकन वाजत आणि तो आपला आपण निघून जाई. दर तीन पावलांना मी डावीकडे वळत होतो. पलीकडच्या काठावर दोघे जण गळ टाकून बसले होते. त्यांनी गळाकडे बघायचं सोडून दिलं.

मांडीपर्यंत पाणी आलं आणि माझ्या खांद्यावर हात पडला. बाबांचा.

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. अकरा वर्षांनी खांद्यावर हात. मी मान ताठ केली. पण हात नुसता टेकला नाही. तो दाबत गेला. दोन पावलं झाली, चार झाली, आणि हात जड होत होत एका सबंध माणसाच्या वजनाचा झाला. मी मागे बघितलं. बाबा डोळे पाण्यात रोवून पायाने गोटे चाचपत होते, एखाद्याने अंधाऱ्या जिन्यावर पायरी शोधावी तसे. गळाची काठी डाव्या हातात. उजवा हात माझ्या खांद्यावर, आणि त्याचं कोपर अंगाशी घट्ट धरलेलं.

तेवढ्यात त्यांचा पाय सुटला. सबंध भार माझ्यावर आला. माझा उजवा पाय खिळ्यांसकट निघाला आणि बिजागरीवरचं दार उघडावं तसा मी अर्धा फिरलो. साडूंची टोपी डोळ्यांसमोरून वाहत गेली.

"डाव्यावर राहा!" बाबा ओरडले.

राहिलो. नमदा शेवाळाला असा चिकटला होता की नदी हलली असती, तो नाही. बाबा माझ्या गळ्यात, मी एका पायावर, आणि खालून पाणी आपलं काम करतंय. असे आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. मग हळूहळू मधल्या मोठ्या खडकापर्यंत पोचलो आणि दोघेही त्यावर टेकलो.

श्वास जागेवर आल्यावर बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "मागे इथेच झालं."

"काय? पडलात?"

"पडलो नाही." जरा थांबून, "नुसता बसलो."

आणि मग माझ्या डोक्यात आठवडाभर इकडेतिकडे पडलेले कागद एकदम एका फाइलीत येऊन बसले. उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. डाव्या हातातला चहा. सोमवारी सकाळी दुसऱ्याकडून भरून घेतलेला अर्ज. म्हणजे रविवारच्या दुसऱ्याच दिवशी. तीन आठवडे माझ्या समोर बसून होते ते, आणि मी, अपघात विभागाचा मी, बुटांच्या खोक्यांत तोंड घालून बसलो होतो.

"कोपर?" मी विचारलं.

"हं." हे मात्र मला कळलं.

"घरी माहीत आहे?"

"नाही. तुमच्या सासूबाई काठी माळ्यावर टाकतील." नदीकडे बघून ते पुढे म्हणाले, "मग रविवारी काय करू?"

मी एवढंच म्हटलं, "साडूंना का नाही बोलावलंत?"

"ते पडले, ते सगळ्यांना सांगितलं. तुम्ही रोज पडलेल्यांचेच कागद बघता. कधी बाहेर बोलला नाहीत."

मी शब्द मोजायचं विसरलो. बहुधा त्या आठवड्याचे सगळे होते.

मासा एक मिळाला. माझ्या खांद्यावर कोपर टेकवून बाबांनी तो धरला आणि मी नदीच्या तळात पाय रोवून उभा राहिलो, म्हणजे डावा. एक्स-रे काढायचं त्यांनी कबूल केलं. मी माझ्या ओळखीच्या ठिकाणी न्यायचं आणि घरी 'चष्म्याचं काम आहे' म्हणून सांगायचं असं ठरलं. परतताना नदी आम्ही दोघांनी मिळून, तीन भरवशाच्या नसलेल्या आणि एका भरवशाच्या पायावर, नीट पार केली. काठ आला. काठाला निव्वळ गाळ होता, आणि मी मोठ्या विश्वासाने त्यावर डावाच पाय टाकला.

पलीकडच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांच्या घरी पोचलो तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. दारात बायको. तिने माझ्या पॅन्टच्या मागच्या बाजूचा चिखल बघितला आणि कपाळाला हात लावला.

"पडलात?"

मी तोंड उघडायच्या आत मागून बाबा म्हणाले, "पडले नाहीत. नुसते बसले."

बायकोने बाबांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग आत गेली आणि दोन गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन आली. आत्ता भरलेल्या नव्हत्या. आधीच भरून, टॉवेलात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. एक तिने माझ्या खुर्चीत ठेवली. दुसरी टेबलावर, बाबांच्या उजव्या कोपराशी. बाबांनी पिशवीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि हळूच कोपर तिच्यावर टेकवलं.

मग तिने दारातले चारही बूट उलटे केले. बाबांच्या बुटांचे तळ झिजून काचेसारखे झाले होते. त्यावरून तिने एकदा बोट फिरवलं.

"आई यायच्या आत पिशवीत भरा," ती हळू आवाजात मला म्हणाली. "उद्या ऑफिसला जाताना काकांकडे टाका. पुढच्या रविवारच्या आत दोन्ही जोडांना लावून आणा."

"काय लावून आणू?" मी विचारलं. "म्हणजे बघ, गोट्यांना नमदा बरा, पण काठाला गाळ आहे, आणि गाळाला—"

"नीट काहीतरी," ती म्हणाली.